मधली खुर्ची

बाईंचा सेट आता माझ्याकडे आहे. दोन लाकडी खोकी, तबकड्या फिरवायची थाळी आणि काचेच्या दिव्यांचा तो जड अ‍ॅम्प्लिफायर. घरी येणारी तरुण मंडळी आधी हसतात, मग खोक्यांवरून हात फिरवतात आणि मग विचारतात, "काकू, हे अजून वाजतं?" मी खुर्चीकडे बोट दाखवते आणि म्हणते, "बसा." तबकडीची एक बाजू संपेपर्यंत सहसा कुणी उठत नाही. परवा भाच्याचा एक मित्र आला होता. खिशातला फोन वाजायला लागला तर त्यानं तो न बघताच बंद केला. जाताना दारातून परत फिरला आणि म्हणाला, "विकायचा झाला तर आधी मला सांगा." असं म्हणणारा तो पहिला नाही. विकायचा नाही, एवढं मी सगळ्यांना सांगते. का नाही, ते सांगायचं तर बाईंपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

मी भूमच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा बाई तिथं मुख्याध्यापिका होत्या. एकट्या राहायच्या. त्यांच्याच घरामागची एक खोली त्यांनी मला बघून दिली होती. मी लातूरकडची, एसटीनं दिवसभर हेलपाटत आलेली. ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तर आत बाई वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या. समोर दोन खोकी, त्यांतून व्हायोलिन चाललेलं. मला वाटलं, झोपल्या. मी हळूच आत येऊन ट्रंक खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तबकडी संपली, बाईंनी डोळे उघडले. नाव विचारलं नाही, प्रवास कसा झाला विचारलं नाही.

"चपला भाईर काढल्यास ते बरं केलंस. पर ट्रंक तिथं कशाला ठेवलीस? तिथं व्हायोलिन असतंय."

शाळेत बाई पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. घरी आल्या की पातळ बदलावं तशी भाषा बदलायच्या.

घर माळवदाचं होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचंच छत. माती खाली झिरपू नये म्हणून बाईंनी वर जुनी धोतरं ताणून बांधली होती. "असल्या भिंती मुंबईच्या साहेबाला मिळणार न्हायत," असं त्या अभिमानानं सांगत. भिंतीवर बुद्धाचं एक चित्र, कोपऱ्यात पाण्याचा माठ, एक लोखंडी कॉट, आणि बाकी सगळी खोली सेटची. दोन्ही खोकी त्यांनी आईच्या जात्यावर ठेवली होती. म्हणजे जात्याची वरची तळी एका खोक्याखाली आणि खालची दुसऱ्याखाली. दगडावर ठेवलं की खोकं थरथरत नाही, असं त्यांचं म्हणणं. खुर्चीच्या पायांच्या जागा जमिनीवर पांढऱ्या रंगानं आखलेल्या होत्या. झाडताना खुर्ची हलली तरी परत नेमकी तिथंच यायला हवी. मी एकदा ती भिंतीकडे सरकवून मासिक वाचत बसले होते, तर म्हणाल्या, "मागं बसलीस तर नुस्तं गाणं ऐकू येतंय. मधी बसलीस तर माणसं दिसत्यात."

आवाज मोठा करायला त्यांचा सक्त विरोध होता. "मोठ्यानं लावलं की सगळं सारखंच. मग घरात कशाला, चौकात बसावं."

हा सेट त्यांना एका इंजिनिअराकडून मिळाला. पाझर तलावांच्या कामावर आलेला तो माणूस बदली होऊन निघाला होता. त्याच्या मुलीचा शाळेचा दाखला द्यायला बाई घरी गेल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की आत कुणीतरी बाई गातेय आणि तिच्या उजव्या हाताला तबलजी बसलाय, असं समजून त्या पदर सावरून आत गेल्या, तर खोलीत माणूसच नव्हता. दाखला देऊन झाला तरी त्या उठेनात. शेवटी इंजिनिअराची बायको म्हणाली, एवढं ओझं ट्रकात घालून कुठं न्यायचं, तुम्हीच घ्या. बाईंनी जमवलेलं सगळं त्यात घातलं. त्यांचा भाऊ माकणीकडे शेती करायचा. तो आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "ताई, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या की गं."

"पाटल्या बी वाजत्यात," बाई म्हणाल्या, "पर एकाच बाजूनं."

गावात मात्र या सेटविषयी भलतीच समजूत होती. दूध संघाच्या चेअरमनांना कुणीतरी सांगितलं की मोठ्या बाईंकडे भारी लाऊडस्पीकर आहे. संघाची वार्षिक सभा होती, कुणी पुढारी येणार होते. चेअरमन स्वतः बैलगाडी घेऊन दारात हजर झाले, बरोबर उचलायला दोन गडी.

"बाई, तुमचा लाऊडस्पीकर न्यायला आलोय. सांजच्याला परत आणून देतो."

"माझ्याकडं लाऊडस्पीकर न्हाय."

"मग ही खोकी?"

"ही ऐकायची हायत. ओरडायची न्हायत."

चेअरमन जरा तापले. संघ सगळ्यांचा आहे, शाळेच्या पोरींना आम्ही दूध पाठवतो, असं काहीबाही बोलायला लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा त्या खुर्चीत. टोपी कानावरनं वर घ्या. ऐकून झाल्यावर बी लाऊडस्पीकरच वाटला, तर खुशाल न्या."

चेअरमन बसले. बाईंनी दिवे तापू दिले. त्या अ‍ॅम्प्लिफायरला तापायला वेळ लागायचा, आणि तोवर कुणी बोललेलं बाईंना खपायचं नाही. मग सारंगी आणि तबला असलेली एक तबकडी लावली. गडी दारात बिड्या विझवून उभे. चेअरमनांची मान आधी ताठ होती, मग हळूहळू उजवीकडे वळली, मग डावीकडे. संपल्यावर ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"तो तबलेवाला," ते शेवटी म्हणाले, "तिकडं तोंड करून बसलाय का ओ?"

"तुम्हाला कळलं की," बाई खुश होऊन म्हणाल्या.

गाडी रिकामीच परत गेली. त्यानंतर चेअरमन दर बाजाराच्या दिवशी पानात बांधलेला खवा घेऊन यायचे, टोपी काढून मधल्या खुर्चीत बसायचे आणि एक बाजू ऐकून जायचे. आम्ही दोघी तो खवा साखर घालून खायचो. सभेला त्यांनी बार्शीहून कर्णा मागवला होता, तो पुढारी बोलायला उभे राहताच बंद पडला, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं.

त्या वर्षी पाऊस गेला. मोठा दुष्काळ होऊन दहाएक वर्षं झाली होती, माणसं जरा सावरली होती, आणि पुन्हा तेच सुरू झालं. एका गोष्टीची बाईंना फार लाज वाटायची. एरवी संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडचं व्होल्टेज पडायचं, दिवे मिणमिणायचे आणि सेट नीट चालायचा नाही. आता विहिरी आटल्या, मोटारी बंद. वीज कशी लख्ख. सेट कधी वाजला नव्हता इतका सुंदर वाजायला लागला. "लोकांच्या इहिरीत पाणी न्हाय म्हणून मला सारंगी साफ ऐकू येती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी उठून सेट बंद केला.

पण फार दिवस नाही. कारण गल्लीत टँकर यायला लागला आणि त्याची रांग नेमकी बाईंच्या ओट्यासमोर लागायची. टँकर कधी येईल याचा नेम नसे. बायका सकाळपासून उन्हात घागरींशेजारी बसून राहायच्या. बाईंनी रविवारी दार उघडलं आणि जाहीर केलं, "घागर रांगेत राहू द्या. एकेकीनं आत यायचं. मधल्या खुर्चीत बसायचं. नंबर जाणार न्हाय, मी बघते."

सेटबरोबर एक नमुन्याची तबकडी आली होती. तिच्यात आधी एक साहेब इंग्रजीत काहीतरी सांगायचा आणि मग आगगाडी यायची. उजव्या भिंतीतून शिट्टी, मग चाकांचा खडखडाट, इंजिन समोरून धडधडत जायचं आणि डाव्या भिंतीत शिरून दूर निघून जायचं. भूमला रेल्वे नाही. रांगेतल्या कित्येकींनी आगगाडी जवळून पाहिलेली नव्हती. एकेक जण आत जायची, आतून किंकाळी नाहीतर हसू ऐकू यायचं आणि ती बाहेर येऊन दुसरीला सांगायची, "जा, जा, तुझ्या अंगावरनं जाती बघ."

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक काकू राहायच्या. बाईंच्या घरात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. का, ते सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही. रांगेत उभ्या राहायच्या, पण ओट्यापासून चार हात लांब. त्या दिवशी त्यांची सून आत जाऊन आली आणि म्हणाली, "आत्याबाई, आगगाडी भिंतीतनं आली अन् भिंतीतनं गेली!" काकू आधी हसल्या नाहीत. मग उंबऱ्यापर्यंत आल्या. मग टँकर येत नाही असं बघून आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. बाईंनी सुई ठेवली. गाडी समोरून गेली तेव्हा काकूंनी चटकन दोन्ही पाय वर घेतले. नंतर त्यांच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाल्या, "घोटभर पाणी द्या बरं, बाई." माठात तळाशी होतं तेवढंच पाणी होतं. बाईंनी तांब्या भरून दिला आणि काकू तो पूर्ण प्यायल्या.

संध्याकाळी मी तो विषय काढला. मला खूप काही बोलावंसं वाटत होतं. बाई तबकडी पुसत होत्या. "पाय वर घेतले बघ तिनं," त्या म्हणाल्या. "बरोब्बर मधी बसली हुती."

पुढच्या उन्हाळ्यात ते सुरू झालं. बाईंना सेट बिघडल्यासारखा वाटायला लागला. डावीकडचं खोकं दबलं, म्हणाल्या. वायरी काढून फडक्यानं पुसल्या, सुई बदलली. मग म्हणाल्या, ही सगळी धूळ. शाळेसमोर दुष्काळी कामातून रस्ता होत होता, खडी फोडायचं काम चाललेलं, सगळीकडे पांढरा थर. एके रविवारी त्यांनी नमुन्याची तबकडी लावली आणि मधूनच सुई उचलली.

"गाडी मधापर्यंत येती अन् तिथंच इरती. पुढं जातच न्हाय."

आम्ही दोघींनी मिळून खोक्यांची अदलाबदल केली. डावं उजवीकडे नेलं, उजवं डावीकडे आणलं. घामाघूम झालो. बाई परत बसल्या. म्हणजे आता बिघडलेलं खोकं उजवीकडे आलं होतं, गाडीची सुरुवातच हुकायला हवी होती. बाईंनी ऐकलं. गाडी उजवीकडून व्यवस्थित आली, आणि पुन्हा मधेच विरली.

त्यांनी आळीपाळीनं दोन्ही खोक्यांकडे बघितलं. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू बस."

मी बसले. बाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. गाडी उजवीकडून आली, समोरून गेली, डाव्या भिंतीत शिरली आणि लांब, अगदी लांब जाऊन दिसेनाशी झाली. सेटला काहीही झालेलं नव्हतं.

"गेली?" बाईंनी विचारलं.

"गेली, बाई."

त्यांनी मान हलवली. सेट बंद केला, त्यावर कॉटवरची चादर घातली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्यानंतर चादर उठलीच नाही. बाजाराच्या दिवशी चेअरमन खवा घेऊन आले, तर बाईंनी सांगितलं, दिवा गेलाय, मुंबईहून मागवलाय. मी डॉक्टरकडे चला म्हणाले की त्या विषय बदलायच्या. एकदा मी जास्तच लावून धरलं तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील विहिरींवर सुरुंग लावायच्या कामाला होते. आधी एक कान गेला, मग दुसरा. पुढं पुढं चार माणसांत ते कडेला बसायचे.

"सगळे हसले की मग ते हसायचे," बाई म्हणाल्या. "जरा उशिरा. कुणाला कळू नये म्हणून लई जोरात हसायचे. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना खुणा करायची." मग म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलं की ते खरं होतंय. तवर न्हाय."

"आणि सेट?"

"तू घेऊन जा. एका कानानं ऐकायचं असलं तर ट्रान्झिस्टर बास हाय."

मी चिडले. म्हणाले, मला नको तुमचा सेट. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

शाळेतही मला काहीबाही दिसायला लागलं होतं. बाई दहावीला इतिहास शिकवायच्या. डावीकडच्या बाकांवरच्या मुलींना त्या सारख्या म्हणायच्या, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता, स्पष्ट बोला. मुलींना वाटायचं, बाईंचा आपल्यावर राग आहे. मी शेजारच्या वर्गातून ते ऐकायची. आणि एक दिवस बाईंनी हजेरी घेतली. डावीकडच्या कोपऱ्यातल्या एका मुलीचं नाव घेतलं, तिची गैरहजेरी मांडली आणि पुढं गेल्या. मुलगी ऊसतोडीला गेलेल्या माणसांची, ढोकीच्या कारखान्यावरून नुकतीच परत आलेली. महिनाभर शाळा बुडाली होती, आता रोज चार मैल चालून यायची. ती उभी राहिली. म्हणाली, "बाई, मी हाय." बाईंचं लक्ष वहीत. ती परत म्हणाली. मग ती रडायलाच लागली, आणि रडण्याचा आवाज आला म्हणून नव्हे, तर बाकीच्या मुली तिकडे वळल्या म्हणून बाईंनी वर बघितलं. समोर पोरगी उभी, तिचे ओठ हलताहेत.

बाई त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात आल्या. चेहरा उतरलेला. "सकाळची बार्शी गाडी किती वाजता असते?" त्यांनी शाळेतल्या शुद्ध भाषेत विचारलं.

बार्शीला कानाचे एक तरुण डॉक्टर होते. एसटीत बाई खिडकीशी बसल्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. बाहेर नुसती काळी उघडी रानं. दवाखान्यात नंबर आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि आत जाईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा खाली केला, कानात बघितलं, पुन्हा बघितलं.

"बाई, कानात कापूस घालता का?"

"धुळीपायी घालते. शाळेपुढं रस्त्याचं काम चाललंय. कान जपायला नकोत?"

"घालता ते बरोबर. सगळा काढता का?"

बाईंचा हात कानाकडे गेला. डॉक्टरांनी आधी थेंब सोडले, आम्हाला बाहेर बसवलं. मग कोमट पाण्याची मोठी पिचकारी घेतली. बाईंनी डाव्या कानाखाली ताट धरलं, डोळे घट्ट मिटलेले. एकदा पाणी मारलं, दुसऱ्यांदा मारलं, आणि ताटात काळपट तपकिरी असा एक बोळा पडला. तेल, मळ आणि कापूस, सगळं एकत्र बसून दगडासारखं झालेलं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. "एवढं जपलंत."

"आन् पडदा?" बाईंनी विचारलं.

"पडदा शाबूत आहे."

"परत बघा. माझ्या वडलांना..."

डॉक्टरांनी परत बघितलं. दुसराही कान तपासला. चिमट्यासारखा नादकाटा टेबलावर वाजवून कानाजवळ धरला, मग लांब नेला. "तुमच्या वडिलांचं मला माहीत नाही. तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. फक्त त्यांना सारखं झाकू नका."

"मग हळू बोला की डॉक्टर," बाई म्हणाल्या, "केवढ्यानं वरडताय."

डॉक्टर अजिबात ओरडत नव्हते. मला हसू फुटलं, मग त्यांना, मग बाईंना. बाई हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. इतके दिवस माझ्या छातीवर काय बसलं होतं, ते उठून गेल्यावर मला कळलं.

स्टँडवर आलो तेव्हा दुपार झाली होती. उन्हात गाड्या लागलेल्या, कंडक्टर गावांची नावं ओरडताहेत, पेरूवाले, शेंगावाले, कुणाचं तरी मूल रडतंय. भूमची गाडी समोरच उभी होती. मी पिशवी घेऊन धावले, जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकला, आणि वळून बघते तर बाई मागेच. स्टँडच्या अगदी मध्यावर, माणसांच्या लोंढ्यात, डोळे मिटून उभ्या. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"बाई, गाडी निघाली!"

त्या हलल्या नाहीत. डोक्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा माझ्याजवळ थांबला. "काय झालं ओ बाईला? चक्कर आली का?"

"नाही हो," मी म्हणाले. "त्यांना ऐकू येतंय."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "मग चांगलंच हाय की," म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला. आमची गाडी माझा रुमाल घेऊन निघून गेली. मी परत बाईंजवळ जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"घुंगरं कुठं वाजायलीत गं?"

रसाचं गुऱ्हाळ होतं, चरकाला घुंगरं बांधलेली. मी बोट दाखवलं. डावीकडे, स्टँडच्या भिंतीच्या पार टोकाला.

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या, आणि पर्स माझ्या हातात देऊन गर्दीतून सरळ तिकडे निघाल्या.